चहा करणारा शिपाई आणि त्याच्या दोन मुली

बालमित्रांनो, आज तुम्हाला एका शिपायाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात मात्र सिनेमा थिएटरपासून करू या.

लंडन शहर. तारीख २२ जानेवारी १९६४. प्लाझा थिएटरमध्ये ‘झुलू’ नावाच्या नव्या चित्रपटाचा पहिला खेळ होता. बरोबर पंचाऐंशी वर्षांपूर्वी याच तारखेला दक्षिण आफ्रिकेत एक लढाई झाली होती. तिच्यावरच हा चित्रपट बेतला होता. त्या लढाईतल्या एका शिपायाच्या दोन मुलीही चित्रपट पाहायला आल्या होत्या. मुली म्हणजे काही लहान नव्हेत बरं का! दोघींनी साठी ओलांडलेली. आपले वडील पडद्यावर दिसणार म्हणून त्या आल्या होत्या.

चित्रपट सुरू झाला. वडिलांचे नाव घेतलेला माणूस पडद्यावर आला आणि थोड्याच वेळात त्या दोघी उठून चालत्या झाल्या, अशी नोंद आहे.

का बरं उठल्या असतील? वडिलांनी लढाईत पळ काढला होता का? मुळीच नाही! त्या लढाईबद्दल त्यांना ब्रिटिश फौजेतले सर्वांत मोठे पदक मिळाले होते. मग घोटाळा कुठे झाला? ते समजायला आपल्याला १८७९ सालच्या आफ्रिकेत जावे लागेल. चला तर मग!

भांडण कोणी काढले?

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला नेटाळ नावाचा मुलूख होता. तो इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याच्या शेजारी, बफेलो नदीच्या पलीकडे, झुलू लोकांचे स्वतंत्र राज्य होते. राजाचे नाव सेटेवायो. त्याच्याजवळ हजारो शूर सैनिक होते. त्यांची मुख्य हत्यारे म्हणजे भाला आणि कातड्याची ढाल. काहींकडे जुन्या बंदुकाही होत्या.

त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचा मुख्य अधिकारी होता सर बार्टल फ्रिअर. हे नाव मोठ्या माणसांना ओळखीचे वाटेल. हाच फ्रिअर आधी साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या भिंती त्याच्याच काळात पाडल्या गेल्या. आपल्या फ्लोरा फाउंटनला आधी त्याचेच नाव द्यायचे ठरले होते. आज ज्याला पी. डिमेलो रोड म्हणतात, तो पूर्वी फ्रिअर रोड होता!

तर या फ्रिअरला आफ्रिकेतले सारे मुलूख इंग्रजी अमलाखाली एकत्र आणायचे होते. त्यात झुलूंचे राज्य आड येत होते. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने राजाला खलिता धाडला. ‘तीस दिवसांच्या आत तुमची फौज मोडा’, ही त्यातली मोठी अट. आता तुम्हीच सांगा, कोणता राजा असे ऐकेल? सेटेवायोने ऐकले नाही. मुदत संपली आणि ११ जानेवारी १८७९ रोजी इंग्रजी फौज नदी ओलांडून झुलूंच्या मुलखात शिरली.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आपण एका इंग्रज शिपायाचे धैर्य पाहणार आहोत, पण युद्ध कोणी सुरू केले आणि कोण आपल्या घरासाठी लढत होते, हे विसरायचे नाही.

रोर्कचा उतार

नदीतून पायी पलीकडे जाता येते, त्या जागेला आपण उतार म्हणतो. बफेलो नदीवर अशाच एका उताराजवळ रोर्क नावाचा एक व्यापारी राहायचा. त्याच्यावरून त्या जागेला ‘रोर्क्स ड्रिफ्ट’ नाव पडले. रोर्क वारल्यावर तिथे मिशनऱ्यांचे ठाणे झाले. इंग्रजी फौजेने तिथल्या एका इमारतीत कोठार केले आणि दुसरीत दवाखाना. दवाखान्यात तीसेक आजारी आणि जखमी माणसे होती. राखणीला चोविसाव्या पलटणीची एक तुकडी ठेवलेली होती.

या तुकडीत हेन्री हूक नावाचा शिपाई होता. वय अठ्ठावीस. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या चर्चम या खेड्यातला. दारूला न शिवणारा, वागणुकीने सरळ. दवाखान्यातल्या आजाऱ्यांसाठी स्वयंपाक करायचे काम त्याच्याकडे होते. २२ जानेवारीच्या दुपारी तो आजाऱ्यांसाठी चहा करत होता.

तेवढ्यात नदीच्या बाजूने घोडेस्वार दौडत आले. त्यांनी आणलेली बातमी भयंकर होती. दहा-बारा मैलांवर इसांडलवाना इथे इंग्रजांच्या मुख्य छावणीचा झुलूंनी फडशा पाडला होता. तेराशेहून अधिक माणसे मारली गेली होती. आणि आता तीन-चार हजार झुलू या ठाण्याकडे निघाले होते!

खरे तर नदी ओलांडून नेटाळात शिरू नका, असे राजाने आपल्या सैनिकांना बजावले होते. पण या तुकड्या छावणीच्या लढाईत मागे राखून ठेवलेल्या होत्या. लढायला न मिळाल्याची चुटपुट त्यांना लागली होती. राजाचा सावत्र भाऊ डाबुलमांझी त्यांना घेऊन निघाला.

पळावे म्हटले तर आजाऱ्यांचे काय? बैलगाड्यांतून त्यांना नेताना उघड्या माळावर झुलूंनी गाठलेच असते. म्हणून ठाण्यातच थांबायचे ठरले. कोठारात मक्याची जडच्या जड पोती होती आणि बिस्किटांच्या लाकडी पेट्या होत्या. सगळे कामाला लागले. पोत्यांवर पोती रचून दोन्ही इमारतींना जोडणारी छातीएवढी भिंत उभी राहिली.

पण झुलू जवळ आले तशी सोबत असलेली नेटाळी लोकांची तुकडी निघून गेली. मागे उरली जेमतेम दीडशे माणसे, तीही आजारी धरून! एवढ्यांना सगळी भिंत राखणे शक्य नव्हते. म्हणून ठाण्याच्या प्रमुखाने, लेफ्टनंट चार्डने, आवाराच्या मधोमध पेट्यांची आणखी एक भिंत घालायला सांगितली. वेळ पडली तर तिच्या आत कोठाराकडे सरकायचे.

यात एक मोठी अडचण होती. दवाखाना या आतल्या भिंतीच्या बाहेर राहत होता!

भिंतीतून वाट

दुपारी साडेचारच्या सुमाराला हल्ला सुरू झाला. दवाखान्यात हूकसह मोजकेच शिपाई ठेवले होते. ती इमारत मोठी विचित्र होती. छप्पर गवताचे, भिंती कच्च्या विटांच्या, आत लहान लहान अकरा खोल्या. त्यातल्या बऱ्याच खोल्यांना दार होते ते थेट बाहेर उघडणारे. एका खोलीतून शेजारच्या खोलीत जायला वाटच नव्हती. म्हणजे दार उघडले की समोर भाले, आणि नाही उघडले तर आपण कोंडलेले!

संध्याकाळी झुलूंनी छपराला आग लावली. वर धूर, बाहेर भाले, आणि आत उठूही न शकणारे आजारी. हूकच्या खोलीत पायाला बँडेज बांधलेला एक जखमी आफ्रिकी माणूस होता. आग आणि हल्लेखोर दोन्ही एकदम आले तेव्हा हूकला ती खोली सोडावी लागली. त्या माणसाला तो वाचवू शकला नाही. पुढे म्हातारपणी आपली हकीकत सांगताना हूकने ही गोष्ट लपवली नाही.

पुढच्या खोलीत नऊ आजारी होते. तिथे भिंत फोडून जॉन विल्यम्स नावाचा दुसरा शिपाई आत आला. त्याच्या जोडीदाराला झुलूंनी दारातून ओढून नेऊन मारले होते. आता दोघांनी काम वाटून घेतले. हूकने संगीन रोखून दार अडवायचे आणि विल्यम्सने पलीकडची भिंत फोडायची. माणूस जाईल एवढे भोक पडले की एकेका आजाऱ्याला त्यातून सरकवायचे आणि पुन्हा पुढची भिंत!

दार अरुंद होते म्हणून एका वेळी एक-दोनच झुलू आत येऊ शकत. हूक एकेकाशी झुंजत होता. त्यांचीही हिंमत कमी नव्हती. समोर संगीन दिसत असताना ते पुन्हा पुन्हा पुढे येत होते. एका भाल्याचा घाव हूकच्या टोपीवर बसला आणि डोक्याला जखम झाली. ती घेऊनच तो लढत राहिला.

अशा तीन भिंती फोडल्या गेल्या. शेवटी राहिला कॉनॉली नावाचा जखमी शिपाई. त्याच्या गुडघ्याला दुखापत झालेली होती आणि अंगाने तो भारी होता. हूकने त्याला दोन्ही हातांनी धरले आणि भोकातून अक्षरशः ओढून काढले. तो पाय पुन्हा दुखावला असणार! पण जीव वाचला.

शेवटच्या खोलीला आवाराकडे उघडणारी एक उंच, लहानशी खिडकी होती. तिच्यातून आजाऱ्यांना खाली सोडायचे आणि मोकळ्या आवारातून त्यांनी पेट्यांच्या भिंतीपर्यंत जायचे. ज्यांना चालता येत नव्हते ते रांगत गेले. दोन्हीकडून गोळ्या येत होत्या. हिच आणि ॲलन हे दोन शिपाई स्वतः जखमी होऊनही त्यांच्यासाठी ती वाट राखत उभे होते. हूक आणि विल्यम्स यांनी मिळून आठ आजाऱ्यांना बाहेर काढले. दवाखान्याच्या दुसऱ्या बाजूला विल्यम जोन्स आणि रॉबर्ट जोन्स या दोघांनीही असेच सहा जण वाचवले.

लढाई पहाटे चारपर्यंत चालली. उजाडले तेव्हा झुलू निघून गेले होते. ठाण्यातली सतरा माणसे मेली किंवा पुढे जखमांनी दगावली. झुलूंची साडेतीनशेहून अधिक प्रेते आसपास पडली होती. आणखी एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. मागे पडलेल्या जखमी झुलूंना इंग्रज सैनिकांनी जिवंत सोडले नाही. शौर्याच्या गोष्टीत हे पान बहुतेक वेळा गाळले जाते. आपण गाळायचे नाही.

छातीवर पदक, हातात छत्र्या

या एका लढाईबद्दल अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक राणी व्हिक्टोरियाने १८५६ साली सुरू केले. ते सोन्याचे नाही की चांदीचे नाही, साधे ब्राँझचे असते. शिपायाला त्यासोबत वर्षाला दहा पौंड मिळत. हिंदी सैनिकांना हे पदक द्यायला १९११ साली सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना आपल्या मराठा पलटणीतल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी ते मिळवले, हे तुम्ही वाचले असेलच. घाडगे यांना ते मरणोत्तर मिळाले.

हूकला त्याचे पदक ३ ऑगस्ट १८७९ रोजी त्याच ठाण्यावर, रोर्कच्या उतारावर देण्यात आले. ज्या जागी झुंजला तिथेच पदक!

पुढे काय झाले असेल? मोठी जहागीर? वाडा? छे! १८८० साली हूक फौजेतून बाहेर पडला. डोक्याच्या जखमेने त्याला पुढेही त्रास दिला. लंडनला जाऊन त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी धरली. काम कोणते, तर झाडपूस. नंतर तिथल्या वाचनालयाच्या दाराशी त्याची नेमणूक झाली. वाचायला येणाऱ्यांचे कोट आणि छत्र्या सांभाळायच्या. (याच वाचनालयात पुढे १९२० नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तासन्‌तास वाचत बसत.) हूकच्या हाती छत्री देऊन आत जाणाऱ्या किती विद्वानांना ठाऊक असेल, की हे हात एका रात्री काय करून आले आहेत?

हूकचे पहिले लग्न टिकले नाही. त्या लग्नाची तीन मुले होती. १८९७ मध्ये त्याने दुसरे लग्न केले आणि त्याला दोन मुली झाल्या. पण मुली लहान असतानाच तो क्षयाने आजारी पडला. म्युझियमची नोकरी सोडून तो आपल्या परगण्यात परतला आणि १२ मार्च १९०५ रोजी वारला. चर्चमच्या चर्चच्या आवारात त्याला लष्करी इतमामाने पुरले.

पडद्यावरचा हूक

आता पुन्हा १९६४ च्या त्या थिएटरात येऊ या. ‘झुलू’ चित्रपटात हूक कसा दाखवला आहे? दारुडा! चोर! आजाराचे सोंग घेऊन दवाखान्यात लोळणारा आळशी! शेवटी लढाई पेटल्यावर तो शूर होतो खरा, पण तोवर त्याची पुरती शोभा झालेली असते.

वाईट माणूस ऐन वेळी चांगला झाला की गोष्ट रंगते. म्हणून गोष्ट लिहिणाऱ्यांनी हे पात्र तसे रंगवले. पण नाव मात्र खऱ्या माणसाचे ठेवले! खरा हूक दवाखान्यात होता तो आजाऱ्यांना रांधून घालायला. दारू तो पीत नव्हता. लढाईच्या थोडे आधीच त्याला चांगल्या वर्तणुकीचा भत्ता मंजूर झाला होता. असा भत्ता दारुड्या चोराला मिळतो का?

विचार करा, मुलांनो. वडील गेले तेव्हा त्या मुली अगदी लहान होत्या. आता जगभरातले लोक आपल्या वडिलांना ओळखणार ते चोर म्हणून. मग त्या थिएटरात कशा बसतील?

त्याच तुकडीतला सार्जंट फ्रँक बोर्न चित्रपटात धिप्पाड, पोक्त दाखवला आहे. खरा बोर्न लहान चणीचा, अवघ्या चोवीस वर्षांचा होता. पण त्याने कोणाचे वाईट झाले नाही. हूकचे झाले.

माग कसा काढतात?

मग खरा हूक आपल्याला कळला कसा? कागदांमुळे! जुन्या शिपायांचा आणि त्यांच्या वंशजांचा शोध घेणारे लोक इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. हे काम एखाद्या गुप्तहेराच्या कामासारखेच असते.

पहिला कागद म्हणजे फौजेतल्या भरतीचा. त्यात नाव, गाव, आधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. दुसरा कागद पगाराच्या यादीचा. शिपाई कोणत्या महिन्यात कुठे होता हे त्यातून कळते. तिसरे साधन म्हणजे चर्चच्या वह्या. त्यांत बारसे, लग्न आणि दफन यांच्या नोंदी असतात. आणि चौथे, जनगणनेची पाने. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण तिची पाने शंभर वर्षे कोणाला दाखवत नाहीत. १९२१ ची पाने २०२२ साली खुली झाली. १९३१ ची तर कधीच दिसणार नाहीत, कारण ती १९४२ मध्ये आगीत जळून गेली!

आता या शोधातले खाचखळगे पाहा. त्या पलटणीत जोन्स आडनावाचे शिपाई इतके होते की त्यांना नंबराने हाक मारत. विल्यम जोन्स ५९३, रॉबर्ट जोन्स ७१६. एकाच वर्गात चार पाटील असले की गुरुजींची जी पंचाईत होते, तीच इथेही. नंबर चुकला की भलत्याच जोन्सच्या नातवंडांना गाठाल!

हूकच्या बाबतीत दोन लग्नांमुळे दोन शाखा झाल्या. एकच शाखा धरली तर निम्मे वंशज सुटतात.

आणि सर्वांत मोठी गंमत त्याच्या जोडीदाराची. भिंती फोडणारा तो जॉन विल्यम्स आठवतो ना? जन्माच्या नोंदींत हा विल्यम्स शोधून सापडणार नाही, कारण ते त्याचे खरे नावच नव्हते! तो होता जॉन फिल्डिंग. घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून त्याने भरती होताना खोटे नाव सांगितले, असे म्हणतात. पदक मिळाले विल्यम्सला, आणि वंश वाढला फिल्डिंगचा. त्याच्या एका मुलाला पहिल्या महायुद्धात मरण आले. त्या लढाईतल्या अकरा पदकवाल्यांमध्ये सर्वांत शेवटी, १९३२ साली तो वारला.

विल्यम जोन्सची गोष्ट आणखी वेगळी. गरिबीमुळे त्याला आपले पदक गहाण टाकावे लागले. ते सोडवायला पैसे जमले नाहीत. म्हणजे पदक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. पदक काचेच्या कपाटात सापडले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे!

असे कागदाला कागद जोडत, कुटुंबांकडून जुनी पत्रे आणि फोटो मिळवत लोकांनी खरा हूक शोधून काढला. आज त्या लढाईवरच्या पुस्तकांत स्पष्ट लिहितात, की चित्रपटातला हूक खोटा आहे. मुलींचे म्हणणेच खरे ठरले.

राजाचा पणतू

वंशज काय फक्त जिंकणाऱ्यांचे असतात? झुलू राजा सेटेवायोचे पुढे काय झाले? जुलै १८७९ मध्ये उलुंडीच्या लढाईत तो हरला. इंग्रजांनी त्याला पकडून केपटाउनला नेऊन ठेवले. पुढे १८८२ मध्ये तो लंडनला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटला. १८८४ साली तो वारला.

‘झुलू’ चित्रपटात या सेटेवायोचे काम कोणी केले असेल? त्याच्या खऱ्याखुऱ्या पणतूने! त्यांचे नाव मंगोसुथु बुथेलेझी. त्यांची आई राजाच्या मुलाची मुलगी. हे बुथेलेझी पुढे दक्षिण आफ्रिकेतले मोठे पुढारी झाले आणि १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले. २०२३ साली ते वारले.

पाहा कसा योग! एकाच चित्रपटात एका बाजूचा पणतू आपल्या पणजोबांची भूमिका करतो, आणि दुसऱ्या बाजूच्या मुली आपल्या वडिलांची भूमिका पाहून उठून जातात. लढाई एका रात्रीत संपली, पण घराघरांत ती चारचार पिढ्या चालू राहिली.

आपल्या घरातला शोध

हे सगळे मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितले आणि विचारले, “तुमच्यापैकी कितीजणांना पणजोबांचं नाव ठाऊक आहे?” चाळीसातले सहा हात वर आले. मग आम्ही शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडले. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि शाळा सोडल्याचे कारण असे सगळे रकाने असतात. गावातल्या कितीतरी आजोबांची नावे त्यात निघाली. मुले अगदी हरखून गेली.

एका मुलाच्या आजोबांच्या नावापुढे मात्र लिहिले होते, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ पोरे हसली. तो मुलगा खाली मान घालून बसला. मी त्याला म्हटले, “अरे, कागद अर्धीच गोष्ट सांगतो. घरी जा आणि आजोबांनाच विचार.”

दुसऱ्या दिवशी तो धावतच आला. “गुरुजी, आजोबांचे वडील त्याच पावसाळ्यात गेले. मागं दोन लहान बहिणी होत्या. आजोबा तिसरीत असताना दुसऱ्याच्या रानात गुरं राखायला लागले. म्हणून गैरहजर!” त्या दिवशी कोणी हसले नाही.

हूकच्या बाबतीत चित्रपट खोटे बोलला आणि कागदांनी खरे सांगितले. इथे कागद खोटे बोलला नाही, पण त्याने पुरते सांगितले नाही. ते आजोबांनी सांगितले. म्हणून शोध घेणाऱ्याने दोघांनाही विचारायचे असते. कागदालाही आणि माणसालाही.

तर बालमित्रांनो, या रविवारी एक वही घ्या. पहिल्या पानावर आपले नाव लिहा, त्याच्या वर आई-वडिलांचे, त्याच्या वर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे. पणजोबा-पणजींची नावे कोणाला आठवतात ते विचारा. कोणी कुठून आले, काय काम करत, कोणी गाव का सोडले, तेही लिहून घ्या. घरात कोणी फौजेत, गिरणीत, रेल्वेत असेल तर त्यांचे जुने कागद जपून पाहा, फाडू नका. आणि हो, आजी-आजोबांना आधी विचारा. कागद कपाटात थांबतात, माणसे थांबत नाहीत.

काय, कराल ना?